नवीन खोली आणि हातात साडेसहा हजार: कमी पैशात घर सामानानं कसं लावायचं

मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा फोन आला. लग्न होऊन दोन महिने झालेत, चाकणला खोली घेतली, जावई कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहेत, डिपॉझिट आणि पहिलं भाडं भरून हातात साडेसहा हजार राहिले आणि खोलीत एक ट्यूबलाईट सोडून काही म्हणजे काही नाही, मावशी आता काय करू. तिला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतेय, कारण हाच प्रश्न मला वर्षातून दोनतीनदा तरी कुणी ना कुणी विचारतंच.

आम्ही उदगीरहून काळेवाडीत आलो तेव्हा आमची पण हीच गत होती. पहिल्या रात्री पेपर अंथरून झोपलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नवऱ्याने काय केलं, तर हप्त्यावर टीव्ही बघायला गेला 😅 अजून चहा करायला पातेलं नव्हतं. त्यामुळे पहिली गोष्ट हीच, की कुठेही जायच्या आधी, कुणाला फोन लावायच्या आधी एक वही घ्या.

वहीत काय लिहायचं

पहिल्या आठवड्यात लागणारं सामान एका पानावर आणि बाकी सगळं दुसऱ्या पानावर. पहिल्या पानावर चारच गोष्टींचं सामान येतं: झोपणं, पाणी, स्वयंपाक, उजेड-वारा. म्हणजे चटई किंवा सतरंजी, दोन पांघरुणं, दोन उशा, झाकणाचा पिंप किंवा हंडा-कळशी, बादली-मग, शेगडी, कुकर, तवा, दोन पातेली, कढई, परात, पोळपाट-लाटणं, विळी नाहीतर सुरी, सांडशी (ही सगळे विसरतात आणि मग पदराने पातेलं उतरवतात), चार ताटं-वाट्या-पेले, पाचसहा डबे, एक पंखा, एक एलईडी बल्ब, झाडू, सुपली, दोरी आणि दाराला कुलूप. बस. एवढ्यावर माणूस नीट राहू शकतो, आम्ही सात महिने राहिलो.

दुसऱ्या पानावर कॉट, कपाट, मांडणी, मिक्सर, फ्रीज, खुर्च्या. आणि सोफा, शोकेस, ड्रेसिंग टेबल हे तिसऱ्या पानावर लिहा आणि ते पान फाडून टाका, निदान वर्षभर तरी. लोक काय म्हणतील याची काळजी असेल तर लोकांना चटईवर बसवा आणि चहा चांगला करा.

प्रत्येक वस्तूपुढे लिहायचं की ही मागून मिळेल, फुकट मिळेल, जुनी घ्यायची की नवीनच घ्यायची. माझ्या मते नवीनच घ्यायच्या गोष्टी अगदी थोड्या: गॅसची नळी, कुकरची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, उशा, एक्स्टेन्शन बोर्ड, झाडू. बाकी जगात सगळं जुनं मिळतं.

मागायचं, पण नाव घेऊन मागायचं

इथेच बहुतेक जण अडतात. लाज वाटते. आणि लाजेपायी जे मागतात ते इतकं मोघम मागतात की समोरच्याला कळतच नाही काय द्यायचं. "काकू, जरा मदत लागत होती" म्हटलं की काकूंना वाटतं पैसे मागतेय, आणि त्या बिचाऱ्या पण ओढाताणीतच असतात, मग दोघींनाही अवघड होतं. त्यापेक्षा असा मेसेज टाका:

"काकू, आम्ही चाकणला खोली घेतली. पाच लिटरचा कुकर आणि पोळपाट-लाटणं लागतंय. तुमच्या माळ्यावर वापरात नसलेलं पडलं असेल तर रविवारी येऊन घेऊन जाईन, नसेल तरी काही हरकत नाही."

या मेसेजमध्ये वस्तूचं नाव आहे, तुम्ही स्वतः न्यायला येणार हे आहे, दिवस आहे आणि नाही म्हणायला वाट पण आहे. आणि मी खरं सांगते, आपल्याकडे प्रत्येक घराच्या माळ्यावर अर्धा संसार पडलेला असतो. रुखवतातली भांडी, आहेरात आलेले सेट, सासूबाईंच्या काळातले स्टीलचे डबे, सगळं गोणपाटात बांधून ठेवलेलं. वीस वर्षं कुणी बघितलेलं नसतं. मला माझ्या चुलत नणंदेने एका फेरीत अकरा भांडी दिली, प्रत्येकावर तिच्या लग्नाची तारीख आणि मामाचं नाव कोरलेलं. आजही माझ्याकडे वरण ज्या पातेल्यात होतं त्यावर माझ्या नात्यात नसलेल्या एका मामांचं नाव आहे.

पंधरा जणांना एकच यादी पाठवू नका. यादी फोडा. मावशीकडे कुकर, आत्याकडे डबे, जुन्या शेजारणीकडे पांघरुणं, नवऱ्याच्या मित्राकडे पंखा. फॅमिली ग्रुपवर टाकलं की सगळ्यांना वाटतं दुसरं कोणीतरी देईल आणि कोणीच देत नाही, म्हणून एकेकाला वेगळा मेसेज.

वास्तुशांत नाहीतर साधी सत्यनारायणाची पूजा घालणार असाल तर पत्रिकेवर "आहेर आणू नये" छापायचा मोह टाळा. जवळची माणसं काहीतरी आणणारच, आणि मग सहा भिंतीवरची घड्याळं आणि चार लेमन सेट येतात. दोनतीन जवळच्या बायकांना आधीच सांगून ठेवा की विचारणाऱ्याला सांग, मिक्सरसाठी पाकीट द्या. त्या हे काम आनंदाने करतात, आपण सांगितलं तर लोभी दिसतो, त्यांनी सांगितलं तर सोय दिसते.

ज्या बायका घरकामाला जातात त्यांनी मालकिणीला महिना आधीच सांगून ठेवायचं, "ताई, तुम्ही कपाट बदलाल तेव्हा भंगारवाल्याच्या आधी मला सांगा." भंगारवाला जो भाव देणार तो मी देते असंही म्हणा. भंगारात लाकडाला जवळपास काही मिळत नाही, त्यामुळे बहुतेक ताई नुसतंच देऊन टाकतात.

घरं रिकामी कधी होतात ते बघा

सामान फुकट किंवा मातीमोल मिळायचे दिवस ठरलेले असतात.

पुण्यात मे महिन्याचा शेवट आणि जूनची सुरुवात, परीक्षा संपून हॉस्टेल आणि पीजीतली पोरं गावी जातात, तेव्हा कॉट, टेबल, बादल्या, कूलर, स्टडी लॅम्प, इंडक्शन शेगड्या अक्षरशः मिळेल त्या किमतीला विकतात कारण त्यांची संध्याकाळची गाडी असते. दुसरा मोसम दसरा-दिवाळीच्या आधीची साफसफाई. तिसरा, दर महिन्याची २८ ते २ तारीख, कारण तेव्हा भाडेकरू बदलतात. आणि चौथा आजकाल फार मोठा झालाय, तो म्हणजे रिडेव्हलपमेंट. मुंबई-ठाणे-पुण्यात सोसायटी पाडायला जाते तेव्हा लोक भाड्याच्या छोट्या फ्लॅटमध्ये जातात आणि जुनं कपाट, दिवाण, किचनची मांडणी तिथेच सोडून देतात.

हे तुम्हाला कळणार कसं, तर वॉचमनकडून. सोसायटीतलं कोण कधी खाली करतंय हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. आपल्या रस्त्यावरच्या दोनतीन मोठ्या सोसायट्यांच्या वॉचमन दादांना नंबर देऊन ठेवा, काय हवंय ते सांगा, आणि वस्तू मिळाली तर त्याच्या हातावर चहापाण्याला काहीतरी ठेवा. आमची कॉट अशीच आली.

पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था व्ही-कलेक्ट नावाने जुन्या वस्तू गोळा करते, फर्निचर, भांडी, कपडे सगळं. तुमच्या भागात कचरा न्यायला येणाऱ्या ताईंशी ओळख ठेवली तर कोणती वस्तू चांगल्या अवस्थेत आलीय हे कळतं, त्यांना योग्य पैसे देऊन घ्यायची. २०२३ च्या मे महिन्यात केंद्राच्या मोहिमेत शहराशहरात आरआरआर (रिड्यूस-रियूज-रिसायकल) सेंटर निघाली, जिथे लोक वापरलेले कपडे, पुस्तकं, खेळणी, चपला आणून देतात. काही ठिकाणची अजून चालू आहेत, तुमच्या वॉर्ड ऑफिसला विचारा. 'माणुसकीची भिंत' बऱ्याच गावांत असते, तिथे मुख्यतः कपडे-चादरी मिळतात. फर्निचरच्या आशेने जाऊ नका.

संस्थांबद्दल लोक विचारतात. गूंज हे नाव सगळ्यांना माहीत आहे, १९९९ ला अंशू गुप्तांनी सुरू केलेली, पण त्यांचं काम जास्त करून गावपातळीवर असतं, गावाने मिळून विहीर, रस्ता वगैरे काम केलं की त्या बदल्यात सामानाचा संच, किंवा मग पूर-भूकंपात. एका कुटुंबाची खोली लावून द्या म्हणून तिथे जायचं नाही. त्यापेक्षा गल्लीतलं गणेश मंडळ, रोटरी-लायन्सचा स्थानिक क्लब, जवळची मशीद (रमजानमध्ये जकात, म्हणजे गरिबांसाठीचं दान, निघते), चर्चमधली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, वसई-मुंबई-गोव्यात पॅरिशमध्ये असते आणि त्यांची माणसं घरी येऊन परिस्थिती बघतात, हे जास्त उपयोगाचं. मंडळाकडे गणपतीच्या दहा दिवसांत जाऊ नका, कुणाला वेळ नसतो. विसर्जनानंतर पंधरा दिवसांनी जा. आणि इथेही तेच, वस्तूचं नाव सांगा.

सरकारी संच: भांडी खरंच मिळतात

हे मला स्वतःला फार उशिरा कळलं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरात कुणी बांधकामावर असेल, म्हणजे गवंडी, हेल्पर, सेंट्रिंगवाला, फरशीवाला, रंगारी, सुतार, प्लंबर, वायरिंगवाला, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला ठेकेदार देतो, किंवा गावात ग्रामसेवक आणि शहरात नगरपालिका-महापालिकेचा ठरवलेला अधिकारी. आधार, रहिवासी पुरावा, बँक पासबुक, फोटो. नोंदणी फी १ रुपया आणि दरवर्षीचं नूतनीकरण पण १ रुपया. हो, एकच रुपया. बाहेर एजंट यासाठी हजार-दीड हजार सांगतात, त्यांना द्यायचे नाहीत. फॉर्म ऑनलाईन आहे, एखाद्या शिकलेल्या पोराला शेजारी बसवून भरून होतो.

नोंदणी झाली की गृहोपयोगी वस्तू संच असतो त्याला अर्ज करता येतो. त्यात एकूण ३० नग: ताटं, वाट्या, पेले, झाकणाची पातेली, वाढायचे मोठे चमचे, पाण्याचा जग, सात खणांचा मसाल्याचा डबा, मोठे झाकणाचे डबे, परात, पाच लिटरचा कुकर, कढई, स्टीलची टाकी. म्हणजे माझ्या यादीतलं स्वयंपाकाचं जवळजवळ अख्खं पान. नंतर आलेला अत्यावश्यक संच वेगळा, त्यात पत्र्याची पेटी, चटई, धान्याच्या कोठ्या, चादर-ब्लँकेट, साखर-चहाचे डबे, पाण्याचा फिल्टर असं सामान. संच घ्यायला ऑनलाईन तारीख आणि केंद्र घ्यावं लागतं, त्या दिवशी कामगाराने स्वतः जायचं, अंगठा आणि फोटो होतो. वेळ लागतो, महिने पण लागतात, म्हणून संसाराची सुरुवात याच्या भरवशावर करू नका, पण अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. आणि नोंदणी चालू असताना कामगाराचं स्वतःचं पहिलं लग्न झालं असेल तर लग्नाच्या खर्चापोटी ३०,००० रुपयांची वेगळी योजना पण त्याच मंडळात आहे, ती बरेच जण सोडून देतात.

पूर आला, आग लागली आणि सामान गेलं अशी परिस्थिती असेल तर रस्ता वेगळा. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. आपत्ती मदतीत कपडे आणि भांडी-घरगुती सामान या नावानेच रक्कम असते, नुसतं घर पडण्याचीच नाही. पंचनाम्यात ते लिहिलंय का हे सही करायच्या आधी वाचा. ओली झालेली गादी, बंद पडलेला फ्रीज टाकून द्यायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

गॅस

घरात कुणाच्याच नावावर गॅस नसेल तर उज्ज्वला योजनेत सज्ञान बाईच्या नावावर कनेक्शन मिळतं. २०१६ ला सुरू झाली, २०२१ ला दुसरा टप्पा आला, त्यात डिपॉझिट भरावं लागत नाही आणि पहिला सिलेंडर आणि शेगडी पण फुकट. कामासाठी दुसऱ्या गावाहून आलेल्यांना महत्त्वाचं म्हणजे रेशन कार्ड आणि पत्त्याचा पुरावा नसेल तर स्वतः लिहून दिलेलं घोषणापत्र चालतं. एजन्सीवाला "रेशन कार्ड आणा" म्हणून परत पाठवू लागला तर हे शांतपणे सांगा. नवीन कनेक्शन टप्प्याटप्प्याने उघडतात, म्हणून आत्ता चालू आहे का ते आधी एजन्सीत विचारायचं. सासूच्या नावावर गावी कनेक्शन असेल पण तुमचं रेशन कार्ड वेगळं झालं नसेल तर अडतं, त्यामुळे विभक्त रेशन कार्डाचं काम आधी हातात घ्या.

तोपर्यंत काय, तर पाच किलोचा छोटा सिलेंडर. इंडेनचा 'छोटू', एचपीचा 'अप्पू'. नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्ता लागत नाही, एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर असतो. किलोमागे महाग पडतो पण हक्काचा आणि सुरक्षित आहे. गल्लीत मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत गॅस भरून देतात तिकडे अजिबात जाऊ नका, त्यात माणसं भाजलीत. जुनी शेगडी चालते, आयएसआय मार्क बघा, बर्नर काढून सोड्याच्या गरम पाण्यात भिजवा. नळी मात्र नवीन, ती नारिंगी सुरक्षा नळी असते ना तीच, तिच्यावर तारीख छापलेली असते.

जुना बाजार, आणि तिथे फसायचं नाही

पुण्यात मंगळवार पेठेकडचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. हत्यारं, कड्या-कुलपं, तवे, पत्र्याच्या पेट्या, पंखे असलं सामान तिथे बघावं. मुंबईत भेंडी बाजाराजवळ चोर बाजार, शुक्रवारी पहाटे रस्त्यावर भरतो तो स्वस्त, एरवीची दुकानं हौशी लोकांसाठी आहेत. लाकडी फर्निचरला जोगेश्वरी-ओशिवरा, आणि नवीनच पण स्वस्तातलं हवं असेल तर उल्हासनगर. गोव्यात म्हापशाचा शुक्रवार. गावाकडून येणाऱ्यांना एक सांगते, तुमच्या आठवडी बाजारात लोखंडी तवा, विळी, खलबत्ता, पाटा शहरापेक्षा स्वस्त असतो, एसटीत बसतानाच घेऊन या.

स्टीलची भांडी नवीन घ्यायची झाली तर नगावर नाही, किलोवर देणाऱ्या दुकानात जा, वजन तुमच्यासमोर करायला लावा. आणि बोहारीण अजून येते बरं का. जुन्या साड्या-पँटी देऊन पातेलं मिळतं, जरीची साडी असेल तर घासाघीस करा, ती पण करतेच.

आता जुनी वस्तू बघायची कशी.

कॉट किंवा दिवाण घ्यायचा तर ढेकूण. मी एकदा घाईत, संध्याकाळच्या अंधारात लाकडी कॉट घेतली, विकणाऱ्याने "ताई एकदम स्वच्छ" सांगितलं आणि तिसऱ्या रात्री पोराच्या अंगावर ओळीने चट्टे. त्यानंतर दोन महिने ढेकणांशी लढाई, कॉटपेक्षा औषधालाच जास्त पैसे गेले. तेव्हा दिवसाउजेडी बघा, मोबाईलचा टॉर्च सांध्यांत मारा, जुनं एटीएम कार्ड फटीतून फिरवा. बारीक काळे ठिपके, फिकट सालं दिसली की परत. लोखंडी कॉट असेल तर त्यामानाने निर्धास्त, तरी घरात घ्यायच्या आधी उकळतं पाणी ओतून कडक उन्हात ठेवा. जुनी फोमची गादी फुकट दिली तरी घेऊ नका. कापसाची जुनी गादी मात्र घ्या, ती पिंजाऱ्याकडे देऊन पिंजून नवीन खोळीत भरून घेतली की नव्यासारखी होते, नव्या गादीच्या कितीतरी कमी पैशात. नाहीतर जुन्या साड्यांची गोधडी, आमच्याकडे वाकळ म्हणतात, दोन वाकळी एकावर एक टाकल्या की कुणाला गादीची आठवण येत नाही.

कुकर जुना घेतला तर तळ सपाट आहे का बघा, फुगलेला नको, आणि रिंग, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे नवीन. हे तीन मिळून फार होत नाहीत पण यात काटकसर करायची नाही.

पंखा रिपेअरिंगच्या दुकानातून घ्या. लोक दुरुस्तीला टाकतात आणि न्यायलाच येत नाहीत, असे पाचसहा पंखे प्रत्येकाकडे लटकलेले असतात. लावून दाखव म्हणायचं, पाचही स्पीडवर. पण हिशोब पण करा: जुना पंखा ७५ वॅटचा, दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट. नवीन बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, साधारण २८-३० वॅटचा, तो दहा-अकरा युनिट. महावितरणचा शंभर युनिटपर्यंतचा दर आणि त्याच्या पुढचा दर यात मोठी उडी आहे, त्यामुळे शंभराच्या आत राहणं हे गरीब घराचं खरं बजेट. घरमालक सबमीटर लावून स्वतःच्या दराने पैसे घेत असेल तर आणखी जपून.

फ्रीज घाईने घेऊ नका. घ्यायचाच तर विकणाऱ्याला आधीच सांगा की चालू ठेव, मी येतो, आणि तिथे अर्धा-पाऊण तास थांबा. आपल्यासमोर चालू केला असेल तर बर्फाच्या कप्प्यात गारवा धरतोय का बघा. दारात कागद अडकवून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर गेलंय. मागच्या नळ्यांना नवीन झाळलेलं दिसलं तर गॅस आधी भरलेला आहे, परत जाणार. घरी उभाच आणा, आणल्यावर तीनचार तास बंद ठेवा, मग लावा. अगदी जुना मोठा फ्रीज फुकट मिळाला तरी विचार करा, लाईट बिल बघून डोळे पांढरे होतात. स्टारच्या स्टिकरवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, त्याला बाराने भागा. उन्हाळ्यात माठ आहेच की.

ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस सगळं वापरा, पण वस्तू डोळ्याने बघितल्याशिवाय एक रुपया टोकन देऊ नका. "मी मिलिटरीत आहे, बदली झालीय, आधी ट्रान्सपोर्टचे पैसे टाका" हा जुना सापळा अजून चालू आहे. तुम्ही काही विकत असाल तर लक्षात ठेवा, पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करायचा नसतो आणि पिन टाकायचा नसतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. वस्तू बघायला बाईने एकटीने जाऊ नये, आणि रात्री तर नाहीच.

हप्ता की बचत गट

दुकानात "झिरो टक्के" लिहिलेलं असतं. विचारायचं काय ते सांगते: प्रोसेसिंग फी किती, रोख घेतलं तर किती कमी कराल, आणि हप्ता एकदा चुकला तर दंड किती. रोखीत जो डिस्काउंट सुटतो तेच तुमचं व्याज. शिवाय खात्यात पैसे नसले की बँकेचा दंड वेगळा आणि कंपनीचा वेगळा.

मी बचत गटातून घेतलं. आमच्या गटात महिना २ टक्के होतं. १५,००० घेतले आणि दहा महिन्यांत दरमहा १,५०० मुद्दल फेडत गेलं, व्याज उरलेल्या रकमेवर, तर पहिल्या महिन्याला ३०० आणि मग दर महिन्याला ३० ने कमी, एकूण व्याज १,६५० होतं. हेच कुणी पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत लावलं तर ३,००० होतात. तेव्हा गट असो, पतसंस्था असो की कंपनीतली सोसायटी, "व्याज उरलेल्या मुद्दलावर का पूर्ण रकमेवर" हा एकच प्रश्न मोठ्याने विचारा. गटात नसाल तर आत्ता सामील व्हा, कर्ज लगेच मिळणार नाही, पण फ्रीजची वेळ येईल तोवर मिळेल. भिशी असेल तर पहिल्या नंबरांपैकी मागून घ्या, बायका ऐकतात.

टेम्पो

शेवटचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं. फुकट मिळालेली कॉट आणायला हजार रुपये गेले तर ती फुकट नव्हे. म्हणून सामान एकेक आणू नका. जिथे जिथे काही मिळालंय तिथे सांगा की अमुक रविवारी नेतो, आणि एकाच छोट्या हत्तीत एका फेरीत सगळं गोळा करा. भाडं ठरवताना किती ठिकाणी थांबायचं, कितवा मजला, लिफ्ट आहे का, चढवायला माणूस तोच देणार का, सगळं आधी बोलून घ्या, नाहीतर दारात भांडण होतं. मोठं कपाट घ्यायच्या आधी आपल्या जिन्याचं वळण आणि दाराची रुंदी दोरीने मोजून दोरीला गाठ मारून खिशात ठेवा. आमचं एक कपाट अजून खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे आहे, वळलंच नाही, आता त्या त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवतात.

चाकणच्या पोरीचं म्हणाल तर तिने नऊ मेसेज टाकले, सहा जणांनी होकार दिला. कुकर, दोन पातेली, परात, डबे, एक पंखा आणि सतरंजी एवढं एका रविवारी आलं, टेम्पोचे आठशे गेले. शेगडी मीच दिली, माझी जुनी, दोन बर्नरची. पोळपाट मात्र कुणाकडेच निघालं नाही, ते तिने शनिवारच्या बाजारातून नवीन घेतलं. जावयांची नोंदणी बसत नाही कारण ते बांधकामावर नाहीत, पण तिचे सासरे गवंडी आहेत, त्यांचा फॉर्म या आठवड्यात भरायचाय.